शिंक्याची दोरी

“शिंकं वर कुणी चढवलंन गो?” सासूबाई कडाडल्या. घरातल्या बाप्यांसाठी ठेवलेलं दूध मांजरानं पिऊ नये म्हणून त्यांनीच शिंकं वाशाला टांगलं होतं. आता टाचा उंचावूनही त्यांचा हात पोचेना. चोरून दूध पिता यावं म्हणून मीच दोरी आखडली, असं त्या वाडीभर सांगत सुटल्या. पुढे पाठ फारच दुखू लागली, तेव्हा त्यांना एसटीनं रत्नागिरीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. “पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात, आजी. मणके दबून तुमची उंचीच कमी झालीय. हाडं तरुणपणीच भरून घ्यायची असतात, दूध-नाचणी खाऊन.” घरी आल्यावर मी शिंकं खाली घ्यायला गेले, तर त्यांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे तिथंच. पेलाभर दूध काढ, आधी तू पी. माझ्या वयाला तुझा हात तिथवर पोचला पाहिजे.”