सीलची तहान

अरे, तू नुसतं ऐक! ग्रीनलंडच्या गोठलेल्या समुद्रावर असं वादळ उठलं, की शिकारी मसाउनाला स्लेजचे कुत्रेसुद्धा दिसेनात. घर कुठल्या दिशेला तेही कळेना. सकाळी मारलेला सील स्लेजवर दगडासारखा गोठलेला, आणि मेव्हणा इमिना थंडीने अर्धमेला.

"दाजी, सीलला गोडं पाणी पाजायचं राहिलं!"

"इथे आपला जीव चाललाय, आणि तुला त्याची तहान?"

तरी मारलेल्या सीलची तहान भागवायची शिकाऱ्यांची जुनी रीत म्हणून मसाउनाने थर्मासमधलं कोमट पाणी सीलच्या तोंडात ओतलं.

सीलने ते गिळलं.

आणि वारा थांबला, फक्त स्लेजपुरता. चार हातांवर वादळ तसंच घुमत होतं, पण त्याचा आवाजच नाही.

"दाजी..." इमिनाचे ओठ निळे पडले होते.

सीलने पुन्हा तोंड उघडलं. थर्मासमध्ये एकच घोट उरलेला. सांग, तू कुणाला पाजला असतास?