अबोला आणि एक्स्टेंशन

रविवारपासून नवरा-बायकोत अबोला होता. आज सकाळी तिच्या लॅपटॉपवर आपोआप पासवर्ड भरणारं एक्स्टेंशन बंद पडलं आणि मीटिंग तर तोंडावर आलेली. शेवटी नाक मुठीत धरून ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"जरा बघतोस का?"

तो भांडी तशीच टाकून ओल्या हातांनी धावला. "ब्राउझर अपडेट झाला की एक्स्टेंशनचं त्याच्याशी पटेनासं होतं," असं म्हणत, गंभीर चेहऱ्याने बरीच खटपट करून त्याने ते चालू करून दिलं.

मीटिंग आटोपल्यावर तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.



"अरे शहाण्या, ऑफिसात मी दिवसभर हीच एक्स्टेंशनं तपासते. पुढच्या वेळी गुपचूप बंद करशील, तर निदान अपडेट आल्याच्या दिवशी कर!"