चार वाट्या

“गेल्या तीन महिन्यांत घरात कोणी दगावलं?” माझा प्रश्न दुभाषी इफ्राने छावणीतल्या पहिल्याच तंबूतल्या आईला तिच्या भाषेत विचारला.

“कोणी नाही. माझी चारही पोरं धडधाकट आहेत.”

तंबूत पोरं तीनच होती. चौथं कुठाय विचारलं, तर म्हणाली, “शेळ्या चारायला गेलंय.”

अख्ख्या छावणीत एक शेळी उरली नव्हती. इफ्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, “सिस्टर, पोर मेल्याचं सांगितलं की रेशनकार्डावरून नाव जातं. पोरामागे मिळणारी पिठाची वाटी कमी होते.”

मी फॉर्मवर शून्य लिहिलं. पुढच्या तंबूतही शून्य. छावणीमागे मातीचे ताजे उंचवटे दिसत होते, पण ते मोजा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. चारशे तंबू झाले, कोणाचीच वाटी कमी झाली नाही, तेव्हा सांगलीहून इतक्या लांब आल्याचं पहिल्यांदाच सार्थक वाटलं.

आठवड्याने राजधानीतून साहेबांचा फोन आला. “मदत देणाऱ्या देशांची बैठक झाली. तुमच्याकडे मृत्यू फारच कमी, म्हणजे दुष्काळ जाहीर होत नाही. धान्याचं जहाज दुसरीकडे वळवलंय.”

“साहेब, तो आकडा खोटा आहे.”

“असं कसं? खाली सही तुमचीच आहे.”

दुसऱ्या दिवशी पिठाच्या रांगेत ती आई दिसली. मला ओळखून हसली आणि तिने हातातल्या चारही वाट्या उंच धरून दाखवल्या.

तिच्यामागे आता दोनच पोरं उभी होती.