नदीची ऑफिसवेळ

पाच वर्षं तिचं संगणकावरचं गणित आणि नदीचं तापमान यांचं कधी पटलंच नव्हतं. शुक्रवारी प्रकल्पाला टाळं लागणार होतं. आणि आज, नव्या सेन्सरने महिनाभर पाठवलेले आकडे तिच्या गणितात असे चपखल बसले की ती खुर्चीसकट गर्रकन फिरली आणि धावत साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, नदी सकाळी दहाला गार होते, संध्याकाळी सहानंतर पुन्हा कोमट! आणि रविवारी तर दिवसभर कोमटच! वरच्या अंगाचा कुठलातरी कारखाना कामाच्या वेळेत गार पाणी सोडतोय. तेवढं धरलं आणि सगळं जुळलं. सापडला चोर!"

"गंगेत घोडं न्हालं म्हणायचं एकदाचं!" साहेबांनी टेबलावर ठेका धरला आणि त्याच तालात मुदतवाढीच्या पत्रावर सही ठोकली.

आरडाओरडा ऐकून दारात आलेले नावाडीकाका डोकं खाजवत पुढे झाले.



"ताई, घोडं न्हालं ते बरंच झालं, पण तपासणीसाठी तुम्ही एसीखालच्या बादलीत बुडवून ठेवलेला तो नवा सेन्सर मी नदीत कधी सोडू?"