आईचा गळका नळ

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा आईने शेजारणींना ठणकावून सांगितलं, "बाहेरचा माणूस माझ्या नळाला हात लावणार नाही. माझा थोरला नळकामच शिकतोय!"

थोरला पहिल्या नंबराने पास झाला आणि त्याच संस्थेत मास्तर म्हणून चिकटला. त्याच्याकडे धाकटा शिकला, तोही मास्तर झाला. सून तर थेट मास्तरांना शिकवणारी मास्तरीण झाली. हां हां म्हणता गावात घरटी एक नळकामाचा मास्तर झाला. देशोदेशीचे पाहुणे येऊन "प्रगती म्हणतात ती हीच" असं म्हणत थोरल्याच्या गळ्यात हार घालून गेले. दर शनिवारी तो विद्यार्थ्यांची पलटण घरी आणायचा, गळका नळ दाखवायचा, पोरं त्याचं चित्र काढायची आणि चहा पिऊन जायची. नळाखालच्या वाटीच्या जागी पातेलं आलं, पातेल्याच्या जागी बादली.

एक दिवस आई ओल्या फरशीवर अशी आपटली, की कंबर धरूनच उठली.

"आता लाज गेली चुलीत," ती कण्हत म्हणाली, "परगावच्या मिस्त्रीला बोलावते."

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, तुझ्या पाया पडतो, असं करू नकोस!"

"का रे, लोक हसतील म्हणून?"

 

"लोकांचं काय घेऊन बसलीस! सगळ्या मास्तरांनी त्याच मिस्त्रीकडून आपापले नळ कधीच नीट करून घेतलेत. शिकवायला गावात हा एवढा एकच गळका उरलाय!"