वाटून घेतलेली कळ

मनगटावरच्या पट्ट्यातून नवऱ्याच्या कॅन्सरची अर्धी कळ प्रमिलाकाकू रोज आपल्या कमरेत झेलत होत्या. आज मऊभात घोटताना ती कळ अचानक थांबली.

“अहो, औषध लागू पडलं बरं का! आता दोन घास जास्त खायचे,” त्या स्वयंपाकघरातूनच ओरडल्या. भातावर मेतकूट-तूप घालून लगबगीने बाहेर आल्या.

खाटेजवळ उभ्या असलेल्या रेश्मा सिस्टरने त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. मग काकूंच्या मनगटावरचा पट्टा सोडवला.

काकू बराच वेळ नवऱ्याचे गार पाय चेपत बसल्या. एकदम म्हणाल्या, “सिस्टर, परत दुखायला लागलं हो! म्हणजे हे आहेत अजून!”

पट्टा केव्हाच सिस्टरच्या पिशवीत गेला होता.