कुलपातली उचकी

ड्रायव्हरकाकांची उचकी सहाव्या दिवशीही थांबली नव्हती. झोप नाही, पोटात अन्नाचा कण नाही, त्यात साखरेचा आजार. माणूस अर्धा झाला होता. डॉक्टरीणबाईंच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यातलं एकही औषध लागू पडेना आणि मोठं इस्पितळ आठ तास लांब. "कोणीतरी फारच आठवण काढतंय, काका," ही थट्टा पहिल्या दिवशी चालली. आता काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी मोबाइल पिंजून काढला. आणि सापडलं की हो! बावीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध, औषधांना दाद न देणाऱ्या उचकीवरचा. 'अखेर कारण सापडले. ते काढताच उचकी थांबली. ते कारण म्हणजे...' आणि तिथंच कुलूप! पुढचं वाचायचं तर पैसे भरा, तेही परदेशी कार्डानं. बाईंनी कपाळावर हात मारला.

तळाशी लेखक डॉक्टरांचा फोन नंबर होता. बाईंनी देवाचं नाव घेऊन लावला. चक्क लागला!

"माझा निबंध? तुम्हाला वाचायचाय?" पलीकडचे म्हातारे डॉक्टर हरखूनच गेले. "अहो, बावीस वर्षांत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"सर, कारण काय होतं?"

"तेच आठवेना हो. माझी प्रत वाळवीनं खाल्ली. आणि ते कुलूप मलाही उघडता येत नाही."

हसावं की रडावं, बाईंना कळेना. तेवढ्यात काका दणदणीत उचकले. ती उचकी थेट पलीकडच्या घरात पोचली असावी, कारण मागून डॉक्टरांची बायको कडाडली, "अहो, आठवेना काय? माझ्या कानात केस अडकला होता! द्या इकडे तो फोन!" मग फोन घेऊन बाईंना म्हणाली, "त्या निबंधातली पेशंट मीच गं. आधी कान बघ!"

सहा दिवसांत बाईंनी घसा, छाती, पोट सगळं तपासलं होतं. कान तेवढा राहिला होता. त्यांनी बॅटरी लावली. पडद्याला टेकलेला एक आखूडसा केस! चिमट्यानं अलगद काढला. काका एकदा उचकले. मग नाही. काकू, सिस्टर, बाकावरचे पेशंट, सगळे श्वास रोखून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"भूक लागलीय," काका म्हणाले.

दवाखान्यात एकच जल्लोष झाला. सिस्टरनं बाईंना मिठीच मारली.

"थांबली, आजी, थांबली!" बाई फोनमध्ये ओरडल्या.

"छान. आता त्या काकांचा नंबर लिहून ठेव," आजी म्हणाल्या. "पुढं कोणाचं अडलं, तर सरळ त्यांनाच विचारायला सांग. तुम्हा डॉक्टर लोकांच्या काही लक्षात राहत नाही."